स्कूटरवरील दीर्घ प्रवासाची कथने : एक चिकित्सक आकलन

मराठीतील प्रवासवर्णनाची समीक्षा बहुतांशी दोन घटकांभोवती फिरत आली आहे : प्रवासी आणि प्रदेश. प्रवाशाची दृष्टी सौंदर्यासक्त आहे की विनोदी, चिंतनशील आहे की माहितीपर, त्याने पाहिलेला प्रदेश वाचकाच्या डोळ्यांसमोर कितपत उभा राहतो, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली. वाहन हा तिसरा घटक मात्र किरकोळ तपशिलात जमा झाला. वास्तविक विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची (प्रवास १८५७चा, प्रसिद्धी १९०७) सारी वीण पायी चालण्याने सिद्ध झाली आहे. दक्षिणेच्या आशेने घराबाहेर पडलेला भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडतो आणि वाटेत लुटला जातो. त्याचे प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी ओसरीवर, शिध्यावर आणि सोबतीवर अवलंबून असते. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये (१९५७) नर्मदेची परिक्रमा हीच कादंबरीची रचना ठरते. पुढे तिकीट काढून परदेशी जाणारा प्रवासी मराठी प्रवासवर्णनात स्थिरावला, त्याबरोबर हे परावलंबन ओसरले आणि त्याची जागा निरीक्षणाने घेतली. प्रवाशाला वाटेतल्या माणसाची गरज उरली नाही. तो माणूस केवळ पाहण्याचा विषय झाला.

या पार्श्वभूमीवर लहान स्कूटरवरून केलेल्या दीर्घ प्रवासाच्या कथनांकडे पाहणे उद्बोधक ठरते. स्कूटर हे यंत्र आहे, तरीही दूरच्या रस्त्यावर ते प्रवाशाला पुन्हा पायी चालणाऱ्याच्या अवस्थेत आणून सोडते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या कथनांची गुणवत्ता वाहनाच्या उणेपणाशी लेखक किती प्रामाणिक राहतो यावर ठरते. जो लेखक हे उणेपण पराक्रमाच्या हिशेबात वळते करून घेतो, त्याच्या कथनातून माणसे नाहीशी होत जातात आणि किलोमीटर उरतात.

विमानाच्या कारखान्यातून

स्कूटर ज्या कारखान्यांतून बाहेर पडली त्यांचा इतिहास या संदर्भात उपेक्षिता येत नाही. इटलीतील पाँतेदेरा येथील पिआज्योचा कारखाना दुसऱ्या महायुद्धात विमाने बनवीत होता. ‘पी १०८’ हे बॉम्बफेकी विमान त्याचेच. शत्रूच्या हल्ल्यांत कारखाना उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर विमाननिर्मितीची वाट बंद झाली. तेव्हा एन्रिको पिआज्यो यांनी कोर्रादीनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याकडे साध्या, स्वस्त दुचाकीचे काम सोपविले. २३ एप्रिल १९४६ रोजी व्हेस्पाच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. पहिल्या व्हेस्पाचे इंजिन अवघे ९८ सीसीचे होते. जर्मनीत हाइन्केल या विमान-कंपनीने १९५३ पासून ‘टूरिस्ट’ नावाची स्कूटर बाजारात आणली. जपानमध्ये नाकाजिमा या विमान-कंपनीच्या वारस उद्योगाने १९४६ सालीच ‘रॅबिट’ काढली. युद्ध हरलेल्या तिन्ही देशांत आकाशातून विध्वंस करणारी यंत्रे घडविणारे हात भाजीची पिशवी ठेवता येईल असे वाहन घडवू लागले, हा योगायोग खास म्हणता येणार नाही. कारखाने, पत्रा कापणारी यंत्रे आणि कुशल कामगार हाताशी होते, विमाने बनविण्याची परवानगी मात्र नव्हती.

दास्कानिओ यांना मोटारसायकल आवडत नसे. तिची साखळी कपडे काळे करते, चाक पंक्चर झाले तर बदलणे जिकिरीचे, आणि बसायचे तर टांग टाकून. या तिन्ही तक्रारींची उत्तरे त्यांच्या आराखड्यात आहेत. इंजिन मागच्या चाकाला जोडून पत्र्याने झाकले, साखळी काढून टाकली, पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले, म्हणजे ते मोटारीच्या चाकासारखे चटकन काढता यावे. दोन्ही चाके सारखी असल्याने एकच स्टेपनी दोहोंना चालते. पाय ठेवण्यास सपाट जागा दिल्यामुळे झगा घातलेली स्त्री आणि पायघोळ वस्त्रातील पाद्री या दोघांनाही ती चालविता येऊ लागली. मोटारसायकलवर स्वार होतात, स्कूटरवर बसतात. मराठीतही ‘स्कूटरवर स्वार’ हा शब्दप्रयोग थट्टेखेरीज ऐकू येत नाही.

परंतु जे गुण गावातील वापरासाठी योजले तेच दूरच्या रस्त्यावर दोष ठरतात. चाक लहान म्हणजे प्रत्येक खड्डा मोठा. मोटारसायकलचे मोठे चाक ज्या खळग्यावरून सहज निघून जाते त्यात स्कूटरचे चाक उतरते आणि मग बाहेर येते. इंजिन एका कुशीला असल्याने तोल किंचित कललेला. समोरून वारा आला की रुंद पत्रा शिडासारखा अडतो. मागून येणारा मालमोटारींचा ताफा ओलांडून जाईपर्यंत हँडल घट्ट धरून राहावे लागते. दुट्ट्या इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावे लागते आणि मिश्रण चुकले की प्लग काजळतो. थांबणे हा अशा प्रवासाचा अपवाद राहत नाही, तो त्याचा नित्यक्रम होतो. थांबलेल्या प्रवाशाभोवती माणसे जमतात. स्कूटर-प्रवासकथनाचा आशय बव्हंशी या थांब्यांत साठलेला असतो.

बीगल यांचे ‘आय सी बाय माय आउटफिट’

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पुस्तक पीटर एस. बीगल या अमेरिकन कथाकाराचे आहे. पुढे ‘द लास्ट युनिकॉर्न’ (१९६८) या अद्भुतरम्य कादंबरीने बीगल जगभर परिचित झाले. तत्पूर्वी १९६३ साली त्यांनी फिल सिगुनिक या चित्रकार मित्रासह न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियापर्यंत दोन हाइन्केल स्कूटरवरून प्रवास केला. त्याचे कथन १९६५ मध्ये ‘आय सी बाय माय आउटफिट’ या नावाने प्रसिद्ध झाले. एक पहिली कादंबरी नावावर असलेला तरुण लेखक, दुसरा चित्रकार, दोघेही दाढीवाले, दोघेही न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेले, आणि प्रवासाचे प्रयोजन तर अगदी घरगुती : बीगल यांची प्रेयसी पलीकडच्या किनाऱ्यावर राहते.

शीर्षकापासूनच पुस्तकाची भूमिका स्पष्ट होते. एका प्रसिद्ध अमेरिकन लोकगीतात मरणोन्मुख गुराखी दुसऱ्याचा वेश पाहून तोही गुराखीच असल्याचे ओळखतो. बीगल यांनी त्यातील ‘तुझा’ काढून ‘माझा’ घातला. आपण गुराखी आहोत हे आपल्याला आपल्याच कपड्यांवरून कळते, एरवी कळण्यासारखे काही नाही! पश्चिमेकडे घोड्यावरून जाणाऱ्या वीराची जी महान अमेरिकन कथा आहे, तिच्यात हे दोघे १७४ सीसीच्या जर्मन स्कूटरवरून शिरतात आणि आपण तिथे विजोड दिसतो याची पूर्ण जाणीव बाळगतात. स्कूटरनाही घोड्यासारखी नावे दिली आहेत, ‘जेनी’ आणि ‘कूशेत’. यांपैकी दुसऱ्या शब्दाचा फ्रेंच अर्थ आगगाडीतील निजण्याची फळी असा आहे. (याच्या उलट प्रकार आकुर्डीत घडला. पिआज्योशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यानंतर बजाज ऑटोने १९७२ साली आपल्या स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले. ‘चेतक’ हे नाव ठेवताना कोणाला हसू आले असेल असे वाटत नाही. ते सरळ अभिमानाने ठेवलेले नाव आहे, आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या मध्यमवर्गानेही ते तसेच स्वीकारले.)

या कथनाचे खरे मोल त्याच्या काळाशी जोडून पाहिले पाहिजे. १९५६च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणावयास घेतले होते आणि ते रुंद, सरळ, मोटारींच्या वेगाला अनुकूल असे रस्ते होते. १९५७ मध्ये जॅक केरुअक यांची ‘ऑन द रोड’ प्रसिद्ध झाली आणि वेग हेच तरुण पिढीचे तत्त्वज्ञान असल्याचा समज रूढ झाला. बीगल त्याच रस्त्यांवर येतात, परंतु वेग त्यांना उपलब्धच नाही. केरुअकच्या पात्रांना मधला प्रदेश मागे टाकावयाचा असतो. बीगल आणि सिगुनिक यांना तो मागे टाकताच येत नाही. थंडी अंगात शिरते, स्कूटर कुरकुरते, गावातले लोक या दोन दाढीवाल्यांकडे संशयाने बघतात. हिप्पी हा शब्द सर्वतोमुखी होण्यापूर्वीचा हा काळ आहे. दाढी हाच तेव्हा पुरेसा आरोप होता.

निवेदनाचा दुसरा विशेष म्हणजे संवाद. दोघे मित्र कोठेही थांबले की वेगवेगळ्या पात्रांची सोंगे घेऊन उत्स्फूर्त बोलू लागतात. या संवादांवर केवळ विनोदाचे साधन म्हणून शिक्का मारणे अपुरे होईल. दोन स्वतंत्र स्कूटरवरून जाणाऱ्या दोघांना धावत्या रस्त्यावर धड बोलता येत नाही. वारा आणि इंजिन यांच्या आवाजात शब्द विरून जातात. त्यामुळे थांबल्यावर साठलेले बोलणे उसळून बाहेर येते. रस्त्यावरचे मौन आणि थांब्यावरची बडबड या लयीवर पुस्तकाची प्रकरणे चालतात. ही लय मोटारीतील प्रवासाला साधणारी नाही, कारण मोटारीत माणसे सतत बोलतात. एका स्कूटरवर दोघे बसून गेले असते तरीही ती साधली नसती, कारण मागे बसलेल्याने वाकून कानाशी बोलणे ही फार वेगळी गोष्ट आहे.

तथापि या पुस्तकाची मर्यादा नेमकी इथेच आहे. दोघांचे मैत्र इतके स्वयंपूर्ण होते की काही ठिकाणी भेटलेला माणूस त्यांच्या चातुर्याचा प्रेक्षक म्हणूनच उरतो. स्कूटरने त्यांना परक्यांच्या दारात आणून उभे केलेले असते आणि ते दोघे दारातच आपसात बोलत राहतात. जेथे विनोद आटतो, थकवा येतो, यंत्र हट्टाला पेटते आणि परक्याच्या मदतीवाचून इलाज उरत नाही, तेथील पाने पुस्तकात सर्वश्रेष्ठ उतरली आहेत. प्रेयसी तर संपूर्ण प्रवासभर पलीकडच्या किनाऱ्यावरील एक स्थळ म्हणूनच वावरते, तिला स्वतःचा प्रवास नाही. ही उणीव बीगल यांच्या एकट्याची नाही. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

दुरुस्ती आणि परावलंबन

रॉबर्ट पर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४) हे पुस्तक अशा चर्चेत टाळता येत नाही. १९६८ साली पर्सिग आपला मुलगा ख्रिस याला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेले. त्या प्रवासावर हे पुस्तक आधारलेले आहे. त्यातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. सहप्रवासी जॉन याच्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल पडते. बियरच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी आत सरकवावी असे निवेदक सुचवितो आणि जॉनला तो आपल्या उंची गाडीचा अपमान वाटतो. निवेदकाच्या मते ज्याला आपले यंत्र कळते तोच खरा मोकळा. तत्त्वज्ञान म्हणून हे आकर्षक आहे. मात्र आपली गाडी आपणच दुरुस्त करणारा प्रवासी अखेर कोणाच्याही दारात जात नाही. पर्सिग यांच्या पुस्तकात विचारांची गर्दी आहे, त्या मानाने वाटेतली माणसे थोडी आहेत, याचे एक कारण या स्वावलंबनात शोधता येते.

याच्या विरुद्ध टोकाला अर्नेस्तो गेवारा यांची दैनंदिनी उभी आहे. १९५२ साली गेवारा आणि अल्बेर्तो ग्रानादो एका जुनाट नॉर्टन ५०० मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिकेच्या प्रवासास निघाले. तिचे नाव ‘पोदेरोसा’, म्हणजे बलशाली. ही बलशाली चिलीमध्ये कायमची बसली. त्यानंतर दोघे मालमोटारींवर बसून, पायी, बोटीत लपून पुढे गेले. खाणकामगार आणि कुष्ठरोगी त्यांना भेटतात ते यानंतरच. वाहन मरण पावल्यावर त्या दैनंदिनीत प्राण आला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्कूटर या दोन टोकांच्या मधे राहते. ती सहसा मरत नाही आणि धड चालतही नाही. तिची दुरुस्ती अगदी लहान गावातल्या मेकॅनिकलाही जमते, परंतु त्याच्याकडे जावे मात्र लागते. भारतीय वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. स्कूटर एका अंगाला तिरकी करून मग किक मारणे, प्लग काढून फुंकणे आणि पॉलिश-पेपरने घासणे, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवून देवाचे नाव घेणे, आणि एवढ्यानेही भागले नाही तर अनोळखी माणसाला ‘जरा ढकला हो’ म्हणणे, हा एका संपूर्ण पिढीचा सामाजिक व्यवहार होता. त्या व्यवहाराला दीर्घ प्रवासाच्या कथनात मानाचे स्थान मिळू शकते, ही शक्यता स्कूटरने निर्माण केली.

किलोमीटरांचा हिशेब

या शक्यतेला सर्वांत मोठा धोका आकड्यांपासून आहे. लहान वाहनाने लांबचे अंतर कापले की त्यातून विक्रमाचा भाव आपोआप उत्पन्न होतो. व्हेस्पाच्या इतिहासात हे फार लवकर घडले. १९६२ मध्ये सांतिआगो गियेन आणि अंतोनिओ वेसियाना या दोन स्पॅनिश विद्यार्थ्यांनी व्हेस्पावरून ७९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. ज्यूल व्हर्न यांच्या नायकाला ऐंशी दिवस लागले होते, तेव्हा एक दिवस कमी. निघण्यापूर्वी साल्वादोर दाली यांनी त्यांच्या व्हेस्पावर आपले आणि पत्नी गाला हिचे नाव रंगविले. आज ती व्हेस्पा पाँतेदेरा येथील पिआज्योच्या संग्रहालयात आहे. तिचे स्मरण होते ते दालींच्या स्वाक्षरीमुळे आणि ७९ या आकड्यामुळे. दोन विद्यार्थ्यांनी वाटेत काय पाहिले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. १९६४ मध्ये रोबेर्तो पात्रिन्यानी हे टोकियो ऑलिम्पिकचे निमित्त साधून मिलानहून व्हेस्पावर तिकडे गेले. त्यांनी निदान पुस्तक तरी लिहिले.

जोर्जो बेत्तिनेल्ली यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९९२-९३ मध्ये त्यांनी रोम ते सायगाव हा सुमारे २४,००० किलोमीटरचा प्रवास व्हेस्पावर केला. त्याचे कथन ‘इन व्हेस्पा’ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर अलास्का ते तिएरा देल फुएगो, मेलबर्न ते केप टाऊन, आणि पुढे चिलीपासून टास्मानियापर्यंतचा काही वर्षे चाललेला प्रवास. २००२ साली आलेल्या ‘ब्रुम ब्रुम’ या पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘२,५४,००० किलोमीटर’ असा आकडा आहे. प्रकाशकाच्या दृष्टीने हा आकडा पुस्तक खपवितो यात शंका नाही. परंतु वाङ्मयदृष्ट्या तो एक करारच आहे. वाचकाला इतकी लांबी देण्याचे वचन दिल्यावर लेखकाला कोठेही फार काळ रेंगाळता येत नाही. पुढचा देश, पुढची सरहद्द, पुढचा व्हिसा हाच कथनाचा चालक होतो. स्कूटर मंद असते, कथन मात्र धावू लागते. वाहनाने दिलेली सवड आकड्याने परत घेतली, असे या प्रकारच्या लेखनाबाबत म्हणावे लागते.

बेत्तिनेल्ली यांच्या पुढील पुस्तकांच्या विषयांकडे पाहिले असता मात्र एक वेगळी दिशा जाणवते. ‘रॅप्सडी इन ब्लॅक’ (२००५) अंगोला ते येमेन एवढ्याच टप्प्यावर थांबते आणि ‘ला चीना इन व्हेस्पा’ (२००८) एकाच देशावर. त्याच वर्षी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. चार खंडांपासून एका देशापर्यंतचा हा संकोच म्हणजे वाहनाच्या मापाकडे परत येणे होय. व्हेस्पा ही मुळात एका गावाच्या मापाची वस्तू आहे. तिच्या प्रवासाला एक देशही पुष्कळ मोठा असतो.

ऑस्ट्रेलियन लेखक पीटर मूर यांचे ‘व्हरूम विथ अ व्ह्यू’ (२००३) आकड्यांच्या मोहातून सुटले आहे. मिलान ते रोम एवढेच अंतर आणि ‘सोफिया’ नावाची १९६१ची व्हेस्पा. परंतु येथे वेगळीच अडचण उद्भवते. जुनी व्हेस्पा हुडकून विकत घेणे, तिच्यावर बसून जुन्या चित्रपटांतील इटली शोधणे, यात लहानपणा हा परिस्थितीचा भाग राहत नाही, तो हौसेने धारण केलेला पोशाख होतो. पुस्तक वाचनीय आहे, यापलीकडे त्याविषयी फार लिहावे असे नाही.

मागची सीट

स्कूटरवर एकाहून अधिक माणसे बसतात, ही साधी बाब या सर्व कथनांत उपेक्षित राहिली आहे. भारतीय शहरांतील परिचित दृश्य असे की चालविणारा पुरुष, पुढच्या मोकळ्या जागेत हँडल धरून उभे असलेले मूल, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली स्त्री आणि तिच्या मांडीवर आणखी एक मूल. हा प्रवास चौघांचा असतो. परंतु त्याचे कथन झालेच तर ते चालविणाऱ्याचे होते. मागे बसलेल्या व्यक्तीला समोरचा रस्ता दिसत नाही. तिला एक पाठ दिसते आणि एका बाजूचे जग दिसते. पर्सिग यांच्या पुस्तकाच्या अखेरीस ख्रिस पायटेकावर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला प्रथमच पुढचे दिसते. इतका वेळ त्याने काय पाहिले, हा प्रश्न त्या क्षणी वाचकाला टोचतो. तेवढ्या एका प्रसंगामुळे मोटारसायकलवरचे हे पुस्तक स्कूटर-कथनांच्या पुष्कळ पुढे जाते.

चित्रपटाने या बाबतीत साहित्याहून अधिक धिटाई दाखविली. ‘रोमन हॉलिडे’मध्ये (१९५३) ऑड्री हेपबर्नने साकारलेली राजकन्या आधी मागे बसते आणि मग स्वतः हँडल हाती घेऊन रोमच्या रस्त्यांत हलकल्लोळ माजविते. प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जाते. एका दिवसाचे स्वातंत्र्य तिला मिळते त्याचे चिन्ह म्हणजे हातात आलेले हँडल. नान्नी मोरेत्ती यांच्या ‘कारो दिआरिओ’च्या (१९९३) पहिल्या भागात दिग्दर्शक स्वतः व्हेस्पावरून रोममध्ये भटकतो. अखेरीस तो पिएर पाओलो पासोलिनी यांची १९७५ साली जेथे हत्या झाली त्या ओस्तियाच्या जागेकडे जातो. कॅमेरा बराच वेळ त्याच्या मागून चालतो. कोणी बोलत नाही, फक्त कीथ जॅरेट यांचे पियानोवादन ऐकू येते. प्रेक्षक जणू मागच्या सीटवर बसलेला असतो. त्याला एक पाठ आणि सरकणारी कुंपणे दिसतात, आणि शेवटी उजाड जागेतले एक उपेक्षित स्मारक. काही किलोमीटरांचा हा प्रवास, पण बेत्तिनेल्लींच्या लाखो किलोमीटरांपुढे तो तोकडा वाटत नाही.

अलीकडील काळात भारतात एका स्कूटर-प्रवासाला अमाप प्रसिद्धी लाभली. म्हैसूरच्या एका मुलाने नोकरी सोडली आणि वडिलांनी भेट दिलेल्या जुन्या चेतक स्कूटरवर आपल्या वृद्ध आईला बसवून जानेवारी २०१८ मध्ये तीर्थयात्रा आरंभिली. आईचे सारे आयुष्य एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात गेले होते. जवळचे बेलूरचे देऊळही आपण पाहिलेले नाही, असे तिच्या तोंडून निघाले, हे या यात्रेचे निमित्त. येथे स्कूटर-प्रवासाचे केंद्र प्रथमच मागच्या सीटवर सरकले आहे. चालविणारा पुत्र निमित्तमात्र, पाहणारी आई. पायी यात्रेच्या परंपरेशी या प्रवासाचे नाते उघड आहे. ‘कावडीत आई-वडील’ ही श्रावणबाळाची प्रतिमा वृत्तपत्रांनी लागलीच वापरली आणि ती चपखलही होती.

परंतु ज्या भाषेत हा प्रवास लोकांपर्यंत पोहोचला ती भाषा पाहावी. २०१९च्या अखेरीस बातम्यांच्या मथळ्यांत होते ४८ हजारांहून अधिक किलोमीटर. पुढे आकडा वाढत गेला तसतशा बातम्या येत गेल्या. पुत्राच्या मातृभक्तीचे गोडवे गायिले गेले, एका मोठ्या उद्योगपतीने कौतुकाने मोटारगाडी देऊ केली. त्या औदार्याविषयी आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण त्यामागची समजूत लक्षणीय आहे. स्कूटरवरचा प्रवास थोर वाटतो, आणि थोर वाटताक्षणी स्कूटरपासून प्रवाशांची सुटका करावीशी वाटते. म्हणजे लहान वाहन ही सोसण्याची गोष्ट, बक्षीस म्हणून मोठे वाहन! कोविडच्या साथीत पडलेल्या खंडानंतर यात्रा पुन्हा सुरू झाली ती मात्र स्कूटरवरच.

या प्रवासाचे कथन कोणी लिहावयास घेतले, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतील. एक वाट आकड्यांची आहे, ती बातम्यांनी आधीच मळवून ठेवली आहे. दुसऱ्या वाटेवर आईच्या बाजूने सुरुवात करावी लागेल. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला प्रथमच उघड्या रस्त्यावर ऊन, धूळ आणि वारा यांत बसून देश एका बाजूने सरकताना दिसतो. रात्री मठात किंवा धर्मशाळेत परक्या बायकांनी रांधलेले अन्न तिच्या पानात पडते. गोडसे भटजींच्या ओसऱ्या आणि शिधा यांची आठवण होते ती येथे. मराठीत ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून) लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्यामागून केलेल्या प्रवासांचे जे कथन केले, त्याचा विनोद आणि रोखठोकपणा अशा लेखनाला उपयोगी पडेल. बीगल यांच्या दोन स्कूटरमधले अंतर तेथे असणार नाही. आई मागून मुलाच्या कानाशी वाकून काही सांगत असेल, आणि इंजिनाच्या आवाजात त्याला ते अर्धेच ऐकू येत असेल.